होबोकेन खाली, युनियन सिटी वर

"क्युबन लोक बघ, नेसत्या वस्त्रानिशी आले आणि बँका काढून बसले, आणि हे पोर्तो रिकन, जन्मापासून अमेरिकन सिटिझन, व्हिसाची कटकट नाही की ग्रीन कार्डची लाइन नाही, तरी अजून सरकारी घरांत." न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधे हे मी इतक्यांदा ऐकलंय, बहुतेक वेळा जेवणं उरकल्यावर, पुरुष मंडळी बेसमेंटमधे बसली की. बोलणारा माणूस वाईट असतो असं अजिबात नाही. त्याने कुठेतरी आकडा वाचलेला असतो आणि तो आकडा त्याला पटलेला असतो, कारण त्यात आपल्याबद्दलही एक छान गोष्ट दडलेली असते, की जो कष्ट करतो तो वर येतो. मला हे बोलणं ऐकवत नाही. म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल, पण वाचा.

आधी आकडे, कारण ते खोटे नाहीयेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आज साठ लाखांच्या आसपास पोर्तो रिकन राहतात, खुद्द पोर्तो रिकोवर, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या त्यांच्या कॅरिबियन बेटावर, 2020 च्या जनगणनेत 33 लाखांहून कमी माणसं भरली, म्हणजे घरी आहेत त्यापेक्षा बाहेर किती जास्त बघा. क्युबन वंशाचे लोक साधारण 24-25 लाख. क्युबन लोकांत अंदाजे सातातला एक गरिबीरेषेखाली आहे, पोर्तो रिकन लोकांत पाचातला एक. स्वतःचं घर असलेली क्युबन कुटुंबं निम्म्याच्या जवळपास, पोर्तो रिकन 40 टक्क्यांच्या आसपास. फरक आहेच. पण क्युबन समाज वयाने मोठा आहे, त्यांचं मधलं वय चाळिशीत आणि पोर्तो रिकन लोकांचं तिशीच्या आसपास, आणि पन्नाशीतल्या माणसाकडे घर असतं आणि पंचविशीतल्याकडे नसतं हे कळायला अर्थशास्त्र शिकायला लागत नाही. ते वजा केलं तरी फरक उरतोच, आणि मला त्या उरलेल्या फरकाबद्दल बोलायचंय.

मी युनियन सिटीत एका छोट्या टॅक्स ऑफिसात काम करते, बर्गनलाइन अव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत. मालकीणबाई क्युबन आहेत. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, लोक प्लास्टिकच्या पिशवीत डब्ल्यू-टू म्हणजे पगाराचे कागद, बँकेची पत्रं, हॉस्पिटलची बिलं असं सगळं कोंबून आणतात आणि टेबलावर ओततात. माणसाच्या पैशाची गोष्ट त्या पिशवीतून जितकी कळते तितकी कुठून कळत नसेल. (पुढे ज्यांच्याबद्दल सांगणारे त्यांचे तपशील मी बदललेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

जागा समजून घ्या. होबोकेन खाली, न्यूयॉर्कसमोर हडसनच्या काठाला, जेमतेम एक चौरस मैलाचं गाव. त्याच्या मागे पॅलिसेड्सचा कडा, आणि कड्यावर युनियन सिटी. लाइट रेलच्या नाइन्थ स्ट्रीट स्टेशनवर लिफ्ट आहे, तिने वर आलात की दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत युनियन सिटी सुरू. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात खालच्या होबोकेनमधे पोर्तो रिकन आले आणि वर क्युबन आले. दोघांची भाषा स्पॅनिश, दोघं कॅथलिक, दोघं कॅरिबियन बेटांवरचे, दोघं भातात घेवडा घालून खाणारे आणि कॉफीत निम्मी साखर ओतून पिणारे. आणि काम? दोघांचंही फॅक्टरीत. म्हणून मला ही दोन गावं मायामी आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सपेक्षा जास्त बोलकी वाटतात. मायामीत उतरलेला क्युबन वकील आणि ब्रॉन्क्समधला पोर्तो रिकन शिंप्याचा हेल्पर यांची तुलना केली तर उत्तर प्रश्नातच आलेलं असतं. इथे तसं नाही. युनियन सिटी म्हणजे एकेकाळी मशीन एम्ब्रॉयडरीची राजधानी होती, स्विस-जर्मन लोकांनी आणलेली लांबच्या लांब शिफली मशीनं इथल्या गल्लीगल्लीत धडधडायची, आणि त्यावर काम करायला क्युबाच्या मधल्या भागातल्या छोट्या गावांमधून लोक क्रांतीच्या आधीपासूनच, 1940-50 पासून यायला लागले होते. कामगार माणसं. 1959 ला कास्त्रो आल्यावर त्यांच्यामागून त्यांचे नातेवाईक आले, मग नातेवाइकांचे नातेवाईक, आणि 1970 च्या दशकात युनियन सिटीला लोक हडसनवरचं हवाना म्हणायला लागले.

आमच्याकडे एक आजी येतात, नव्वदीला टेकल्यात. तरुणपणी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, नवरा ट्रक लोड करायचा. दोघांचा मिळून पगार काय असेल, सोशल सिक्युरिटीच्या कागदावरून कळतंच, बेताचा. पण त्यांच्या रिटर्नमधे शेड्यूल ई आहे, म्हणजे भाड्याचं उत्पन्न. 1970 च्या दशकात त्यांनी दोन कुटुंबांचं घर घेतलं, खाली स्वतः राहिले, वरचा मजला भाड्याने. डाउन पेमेंट भावाने, मेहुण्याने आणि मेहुण्याच्या मित्राने मिळून दिलं, आणि घर विकणारा इटालियन म्हातारा उपनगरात निघालेला होता, त्याने उरलेले पैसे हप्त्याने घ्यायचं कबूल केलं. बँक नंतर आली. आज ते घर इतकं किमतीचं आहे की आजींच्या नातवंडांची कॉलेजं त्याच्यावरच्या कर्जातून झाली.

आणि एक आजोबा येतात, खालून. पोर्तो रिकोच्या दक्षिणेकडच्या, पोन्सेच्या बाजूच्या एका गावचे. विशीच्या आत होबोकेनला आले, आधी टूट्सी रोल चॉकलेटच्या फॅक्टरीत, ती 1960 च्या दशकात शिकागोला गेली, मग गोदीवर, मग मॅक्सवेल हाउसच्या कॉफीच्या कारखान्यात, आणि तो 1992 ला बंद झाला. त्यांच्या कमाईचं स्टेटमेंट आणि आजींच्या नवऱ्याचं शेजारी ठेवलं तर काही वर्षं आजोबा जास्तच कमवत होते! कारण कामगार युनियनची नोकरी. ते आयुष्यभर भाड्याने राहिले. आज सीनियर हाउसिंगमधे एका खोलीत असतात आणि त्यांचं रिटर्न एका पानात संपतं.

कष्टात काय फरक होता, सांगा मला.

आता मागे जाऊन बघू. क्युबातून माणूस आला की त्याला शत्रूच्या देशातून पळालेला म्हणून वागवलं जायचं, आणि शीतयुद्धात अमेरिकेला जगाला दाखवायचं होतं की कम्युनिझम सोडून आलेल्याचं आमच्याकडे भलं होतं. 1961 मधे केनेडींनी क्युबन रेफ्यूजी प्रोग्रॅम सुरू केला. मायामीतल्या फ्रीडम टॉवरमधे रजिस्टर झालं की कुटुंबाला महिन्याला 100 डॉलर, एकट्या माणसाला 60, शिवाय चीज, दुधाची पावडर, दवाखाना. मुलांना कॉलेजसाठी स्वस्त कर्ज, डॉक्टरांना आणि शिक्षकांना इथलं लायसन्स मिळावं म्हणून खास कोर्स. मायामीत गर्दी झाली तेव्हा जो उत्तरेकडे जायला तयार होईल त्याला तिकीट आणि नव्या गावी सुरुवातीचा खर्च, आणि त्यातले कितीतरी आमच्या युनियन सिटीत आले. पहिल्या बारा-तेरा वर्षांत सरकारने यावर शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च केला, त्या काळचे डॉलर. त्यावर 1966 चा क्युबन अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट, की काही काळ राहिलात की ग्रीन कार्ड. असा कायदा दुसऱ्या कुठल्याच देशाच्या लोकांना असा कायमचा मिळाला नाही.

आणि पहिल्या लाटेत आलेले कोण होते, तर डॉक्टर, वकील, दुकानदार, साखर कारखान्यांचे मॅनेजर, बहुतेक गोरे. मायामीतल्या बँकांमधे काम मिळालेले क्युबन बँकर नव्याने आलेल्या माणसाला तारण न घेता कर्ज द्यायचे, कारण त्याचं हवानामधलं दुकान आणि त्याच्या बापाचा शब्द त्यांना माहीत असायचा. याला तिथे चारित्र्यावरचं कर्ज म्हणायचे. आता नेसत्या वस्त्रानिशी म्हणतात त्याचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे रोबेर्तो गोइसुएता, 40 डॉलर आणि कोकाकोलाचे 100 शेअर घेऊन आले आणि 1981 ला त्याच कंपनीचे प्रमुख झाले. खरी गोष्ट आहे, थोर माणूस. पण ते येलमधून केमिकल इंजिनिअर होऊन आले होते आणि हवानामधे असतानाच कोकाकोलात नोकरीला होते, हे सांगायला सगळे विसरतात. खिशात 40 डॉलर असणं आणि जवळ 40 डॉलरचीच पुंजी असणं यात फार अंतर आहे.

पोर्तो रिकोचं उलट. 1898 ला स्पेनकडून अमेरिकेने बेट घेतलं, 1917 ला तिथल्या लोकांना नागरिकत्व दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑपरेशन बूटस्ट्रॅप नावाने बेटावर करमाफी देऊन अमेरिकन कारखाने आणले, गव्हर्नर मुन्योस मारीन यांचा तो मोठा प्रकल्प, आणि त्याने रस्ते, शाळा, घरं सुधारली हे खरंच आहे, पण उसाच्या शेतातून जितकी माणसं मोकळी झाली तितक्यांना कारखान्यांत काम कुठलं मिळायला? मग बाकीच्यांना विमानात बसवलं. एका 1950 च्या दशकात साडेचार लाखांच्या आसपास लोक बेट सोडून गेले. कॅम्डेनची सूपची फॅक्टरी, दक्षिण जर्सीतल्या ग्लासबोरोच्या आसपासची शेतं, न्यूयॉर्कचे कपड्याचे कारखाने. नागरिक असल्यामुळे त्यांना कोणी अडवलं नाही, आणि नागरिक असल्यामुळेच त्यांच्यासाठी कुठला फ्रीडम टॉवरही उघडला नाही. बेटाच्या सरकारचं एक मायग्रेशन ऑफिस होतं, ते नोकरी लावून द्यायचं, ओळखपत्र द्यायचं, बस. आणि जिथे लोक पोचले तिथून काम निघून जात होतं. न्यूयॉर्क शहरात 1950 ला कारखान्यांतल्या दहा लाखांच्या आसपास नोकऱ्या होत्या, 1980 पर्यंत त्या निम्म्यावर आल्या. जिन्यावर चढायला लागावं आणि वरून कोणीतरी पायऱ्याच काढत जावं, असं.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. पोर्तो रिकन माणसाला दारावर थांबवून निवडणारं कोणी नव्हतं. म्हणून अख्खा समाज आला, लंगडा आला, निरक्षर आला, शेतमजूर आला, आणि ते सगळे सरासरीत मोजले जातात. ज्याला दारावर थांबवून निवडतात त्या समाजाची सरासरी निवडलेल्यांचीच असते. क्युबन लोकांत याचा पुरावा त्यांच्याच घरात आहे. 1980 ला मारिएल बंदरातून पाच-सहा महिन्यांत सव्वा लाख लोक बोटींनी आले, त्यांत कामगार जास्त, काळे जास्त, आणि त्यांना आधीच्यांसारखं डोक्यावर घेतलं गेलं नाही, कित्येकांना महिनोन्‌महिने लष्कराच्या छावण्यांत ठेवलं. तेच बेट, तीच भाषा, तीच संस्कृती, आणि हे लोक आधी आलेल्यांपेक्षा कायम मागे राहिले. मग संस्कृती गेली कुठे? आमच्या मालकीणबाई 1960 च्या दशकात लहानपणी आल्या आणि त्यांचे यजमान मारिएलवाले. त्यांच्या नातेवाइकांत आजही यावरून टोमणे चालतात.

आता होबोकेनच्या आगी. हे मला लिहायलाच हवं कारण आपल्यातली किती मुलं आज तिथे राहतात, आयटीतली, न्यूयॉर्कला पाथ ट्रेनने जाणारी, विटांच्या सुंदर जुन्या बिल्डिंगांत, आणि त्यांना यातलं काही माहीत नसतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 80 च्या सुरुवातीला नदीपलीकडून पैसेवाले लोक यायला लागले, जुन्या भाड्याच्या इमारतींचे कोंडो, म्हणजे विकायचे फ्लॅट, करायची घाई सुटली, भाडं नियंत्रण असल्यामुळे भाडेकरू काढता येईना, आणि मग इमारतींना रात्री आगी लागायला लागल्या. एक नाही, दोन नाही, शेकड्याने. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत लहान मुलं कितीतरी, बहुतेक कुटुंबं पोर्तो रिकन. लोकांचा संशय सरळ होता की जागा रिकामी करायला हे चाललंय. हजारो लोक गाव सोडून गेले. आमचे आजोबा वाचले, पण त्यांची बिल्डिंग कोंडो झाली आणि विकत घ्यायची ऑफर आली तेव्हा हातात डाउन पेमेंट नव्हतं. कुठल्या बँकेत गेला होतात का असं मी विचारलं तर म्हणाले, आम्ही राहायचो त्या गल्लीचं नाव सांगितलं की माणूस फॉर्मच पुढे करायचा नाही.

पण डाउन पेमेंट का नव्हतं, हाही प्रश्न आहेच, चांगला पगार होता ना. त्याचं उत्तर मला एके वर्षी त्यांच्या पिशवीतल्या एका जुन्या फोटोत मिळालं. घर होतं त्यांचं! गावी. वर्षानुवर्षं पैसे पाठवून बांधलेलं, सिमेंटच्या भिंती, वर पत्रे, पुढे व्हरांडा, एका कोपऱ्यात आंब्याचं झाड. परत जायचं होतं ना. जाता येत होतं, विमानाचं तिकीट काढलं की झालं. आणि आजींना परत जाता येत नव्हतं, दार मागून बंद झालेलं, म्हणून त्यांचा प्रत्येक डॉलर युनियन सिटीत रुजला. दोघांनी घरच बांधलं. एकाचं मॅनहॅटनसमोरच्या कड्यावर उभं राहिलं, त्याची किंमत चढतच गेली. दुसऱ्याचं अशा बेटावर, जिथली कारखान्यांची करसवलत 1996 पासून टप्प्याटप्प्याने काढली आणि 2006 ला संपवली, जिथलं सरकार 70 अब्ज डॉलरहून जास्त कर्जात बुडालं, जिथलं कुटुंबाचं उत्पन्न मिसिसिपीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब राज्याच्या, निम्म्याच्या आसपास आहे. तिथल्या घराला गिऱ्हाईक कोण? 20 सप्टेंबर 2017 ला मारिया वादळाने वरचे पत्रे नेले. फेमाकडे, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे, अर्ज केला तर जमिनीचे कागद वडिलांच्या नावावर, वारस चढवलेलेच नाहीत, आपल्याकडच्या सातबाऱ्याची असते तशीच गत, आणि बेटावर हजारो लोकांचे अर्ज याच कारणाने परत आले.

पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांनी इथे थोडं थांबावं. आपल्यालाही परत जाता येतं, आपणही दोन्हीकडे बांधतो, फक्त पुण्याच्या जागेला गिऱ्हाईक आहे आणि इथला पगार दोन्हीकडे पुरतो. आणि तो पगार का पुरतो तेही बघायला हवं. 1965 चा इमिग्रेशन कायदा जॉन्सननी लिबर्टी बेटावर सही केला, त्यात शिक्षण आणि हुन्नर बघून माणसं घ्यायची सोय झाली, आणि मग आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर यायला लागले, सरकारी कॉलेजात नाममात्र फी भरून शिकलेले. कष्ट त्यांनी केले, माझ्या सासऱ्यांनी केलेत, मी जवळून ऐकलंय. पण त्यांच्या गावातला जो मुलगा दहावी नापास होऊन मुंबईला हमाली करायला गेला तो इथल्या भारतीयांच्या सरासरीत येत नाही, कारण त्याला कोणी व्हिसा दिलाच नाही. पोर्तो रिकन सरासरीत तो मुलगा आहे. म्हणून बेसमेंटमधलं ते बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि पोर्तो रिकन लोकांनी काय केलं नाही? ज्या शाळांनी त्यांच्या मुलांना मंदबुद्धी ठरवून मागे बसवलं त्या मुलांसाठी अंतोनिया पांतोहा यांनी 1961 ला अस्पिरा नावाची संस्था काढली. ब्रॉन्क्समधे होस्तोस कॉलेज 1968 ला उभं राहिलं आणि न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना ते बंद करायला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि आईबापांनी ताबा घेऊन वाचवलं. सोनिया सोतोमायोर ब्रॉन्क्सच्या सरकारी घरांतच वाढल्या, आई नर्स, आणि 2009 ला सुप्रीम कोर्टात गेल्या. सरकारी घर हा शब्द जिभेवर शिवीसारखा घेणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. कोरियात लढलेली 65 वी इन्फंट्री रेजिमेंट पोर्तो रिकन होती. आणि इतकं करूनही बेटावर राहणाऱ्या नागरिकाला राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही, आणि अपंग, निराधार म्हाताऱ्यांसाठीचा एसएसआय हा सरकारी भत्ता मिळत नाही, 2022 मधे सुप्रीम कोर्टाने ते चालतं असंच सांगितलं. आमचे आजोबा गावी परत गेले नाहीत याचं हे एक कारण आहे, इथे त्यांना एसएसआय मिळतो, तिथे गेले की बंद.

क्युबन लोकांना सगळं फुकट मिळालं असंही कोणी समजू नये. 1960 ते 62 मधे चौदा हजार मुलं आईबापांशिवाय पाठवली गेली, काहींना आईबाप वर्षांनी भेटले. आजी त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात जाऊ शकल्या नाहीत, त्याबद्दल बोलताना त्या अजून रडतात. कुणाच्या दुःखाला मी कमी म्हणत नाहीये.

आता युनियन सिटीतही क्युबन कमी झालेत. आजींची मुलं उपनगरात गेली, एक फ्लोरिडात आहे. दुकानांवर एक्वादोर, डॉमिनिकन रिपब्लिकचे झेंडे. पोर्तो रिकनही हललेत, फ्लोरिडात आता न्यूयॉर्कपेक्षा जास्त आहेत, ऑरलँडो-किसिमीच्या आसपास शिकलेले, नोकरीवाले, घर घेतलेले पोर्तो रिकन भरपूर, आणि आजोबांच्या नातीने गेल्या काही वर्षांत पेन्सिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनला घर घेतलं. तिचं मॉर्गेजच्या व्याजाचं पत्र मी स्वतः फाइलला लावलं, आजोबांनी ते आधी बराच वेळ हातात धरून वाचलं.

आणि नवे क्युबनही आलेत. 2022 च्या एका आर्थिक वर्षात दोन लाखांहून जास्त आले, बहुतेक मेक्सिकोच्या सीमेवरून. ओबामांनी 2017 च्या जानेवारीत पाय जमिनीला लागला की राहा हा नियम काढून टाकला होता, 2023 पासून पॅरोलवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या तात्पुरत्या परवानगीवर, विमानाने यायची सोय झाली, ती 2025 ला ट्रम्प सरकारने रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने रद्द करू दिली. त्यातला एक मुलगा या सीझनला आमच्याकडे आला होता. तिकडे दंतवैद्य, इथे सिकॉकसच्या गोदामात रात्रपाळी, पॅरोल संपलेला, अ‍ॅडजस्टमेंटचा, म्हणजे ग्रीन कार्डचा, अर्ज पडून आहे, वर्क परमिटचं काय होणार माहीत नाही. शंभर डॉलर नाहीत, कोर्स नाही, लायसन्स नाही, बापाचा शब्द ओळखणारा बँकर नाही. मालकीणबाईंनी त्याच्याकडून फी घेतली नाही. मी त्याला सांगितलं की दर वर्षी रिटर्न भर, एकही वर्ष चुकवू नकोस, आणि प्रत्येक पे-स्टब जपून ठेव, आणि एका चांगल्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर लिहून दिला.